नॅट आणि सेबर

जबलपूर शहरात अधारताल नावाची एक वस्ती आहे. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाने ओळखला जाणारा तलाव तेथे आहे आणि तलावाचे नावच पुढे वस्तीला मिळाले. १९६४ साली या परिसरात कृषी विश्वविद्यालय निघाले, त्यामुळे नकाशावर अधारताल आज शेतकीचे ठिकाण म्हणून दिसते. परंतु जबलपूरची खरी ओळख शस्त्रांशी निगडित आहे. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासूनचा आणि खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना १९४२ पासूनचा. जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्यामुळे या कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या आश्रयाने कितीतरी मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. अशा गावात लढाईच्या गोष्टी केवळ वर्तमानपत्रांतून येत नाहीत. त्या जेवणाच्या पानावरही निघतात. आणि त्यांतला एक प्रश्न फार जुना आहे : १९६५ च्या युद्धात आपले नॅट विमान श्रेष्ठ होते, की पाकिस्तानचे सेबर?

आजोबांच्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर रेडिओवरच्या बातम्यांवरून दिले. नातवंडांच्या हाती आता संगणक आहे. उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र, ज्याला सर्वत्र सिम्युलेटर म्हणतात, ते एके काळी फक्त हवाई दलांच्या शाळांतून असे. आता त्याची घरगुती आवृत्ती टेबलावर मावते. तेव्हा असे समजू या, की अधारतालच्या एखाद्या घरात दोन भावांनी हा जुना वाद एकदाचा मिटवायचे ठरवले आहे. थोरल्याने सेबर घेतले, धाकट्याने नॅट. दोन संगणक, दोन दांडे, आणि पडद्यावर एकच आकाश. वाद मिटेल काय?

उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र काय करते ते पाहिले पाहिजे. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन वाजतो तो भात्याच्या हवेवर. आपल्या बाजाच्या पेटीतही तेच तत्त्व असते. लिंकने तेच भाते घेऊन त्यांवर एक छोटी लाकडी विमानपेटी बसवली. दांडा हलवला की भात्यांत हवा भरे किंवा रिकामी होई आणि पेटी डावीउजवीकडे कलू लागे. हे १९२९ च्या सुमाराचे. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते जत्रांतून; मुले पैसे देऊन तीत बसत. पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले. ढगांत आणि रात्री उडण्याचा सराव नसल्याने त्यांतले अनेक जण मृत्युमुखी पडले. तेव्हा कोठे सैन्याने लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांची संख्या हजारांवर गेली.

आजच्या सिम्युलेटरमध्ये भात्यांची जागा गणिताने घेतली आहे. विमानावर हवेत चार बले काम करतात. पंखांमुळे मिळणारी उचल, पृथ्वीच्या ओढीने येणारे वजन, इंजिनाचा रेटा आणि हवेचा रोध. संगणकापाशी प्रत्येक विमानाचे एक टिपण असते. पंख अमुक कोनात, वेग तमुक, तर उचल किती, रोध किती, असे शेकडो आकडे त्यात भरलेले असतात. सेकंदातून अनेकदा संगणक ही बेरीज-वजाबाकी करतो आणि विमान कोठे सरकले ते पडद्यावर दाखवतो. थोडक्यात, थोरला भाऊ सेबर चालवत नसतो. तो सेबरविषयीच्या एका जमाखर्चाच्या वहीशी खेळत असतो. वही खरी असेल तर खेळ खरा.

आता ती वहीच उघडू. नॅट हे विमान इंग्लंडमध्ये फॉलंड कंपनीत पेटर या अभियंत्याने आखले. लढाऊ विमाने वर्षागणिक जाडजूड आणि महाग होत चालली होती. त्या ओघाविरुद्ध त्याने मुद्दाम लहान विमान काढले. १९५५ साली ते प्रथम उडाले. इंग्लंडने लढाऊ विमान म्हणून ते घेतले नाही, भारताने घेतले. १९५६ साली करार झाला आणि बंगळूरच्या कारखान्यात त्याची बांधणी सुरू झाली. सेबर हे अमेरिकेचे, कोरियाच्या युद्धात नाव कमावलेले. पाकिस्तानला ते १९५६ पासून मिळू लागले.

दोहोंच्या कमाल वेगाचा आकडा पाहणाऱ्याची निराशा होते. दोन्ही ताशी अकराशे किलोमीटरांच्या आसपास. लोक सामान्यतः याच आकड्यावरून विमानांची प्रतवारी लावतात, आणि येथे तो आकडा काहीच सांगत नाही.

वजन मात्र बोलके आहे. उड्डाणास सिद्ध असलेले नॅट, बाहेरच्या जादा टाक्या न लावता, सुमारे तीन हजार किलो भरते. सेबर सुमारे ६,९०० किलो. म्हणजे दुपटीहून जास्त. नॅटचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटरांच्या आत. सेबरचे अकरा मीटरांहून अधिक. त्याच्या ऑर्फियस इंजिनाचा रेटा सुमारे २,१३० किलो, तर सेबरच्या इंजिनाचा सुमारे २,६८०. आता भागाकार करा. नॅटच्या प्रत्येक किलो वजनामागे सातशे ग्रॅमांचा रेटा आहे, सेबरच्या प्रत्येक किलोमागे चारशेहूनही थोडा कमी. लहान मूर्तीच्या विमानापाशी आपल्या अंगाच्या मानाने पावणेदोन पटीहून अधिक जोर आहे.

दुसरा भागाकार पंखांचा. विमानाचे सगळे वजन शेवटी पंखांनी तोलायचे असते, म्हणून पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती भार पडतो हे पाहावे लागते. नॅटच्या पंखांचे क्षेत्र १२.७ चौरस मीटर, सेबरचे सुमारे २९. भागाकार केला की नॅटचा भार येतो सुमारे २३६ किलो आणि सेबरचा २३७. एवढ्या निराळ्या आकारांची ही दोन विमाने या एका बाबतीत सख्खी भावंडे निघतात. नॅट लहान म्हणून चपळपणे वळते, अशी जी सर्वसामान्य समजूत आहे, तिला या आकड्याने चांगलाच धक्का बसतो. लहान असणे आणि चटकन वळणे यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही.

पडद्यावरची पहिली परीक्षा चढण्याची. दोघे भाऊ एकाच उंचीवर, एकाच वेगाने निघतात आणि नाक वर करतात. कागदावर नॅट जमिनीजवळ मिनिटाला सुमारे सहा हजार मीटर चढते, सेबर पावणेतीन हजार. मिनिटभरात धाकटा थोरल्याच्या डोक्यावर तीन किलोमीटर जाऊन बसलेला असतो. उंचीला हवाई लढाईत एवढे महत्त्व का, हे झोपाळ्यावर बसलेल्या कोणालाही कळेल. झोपाळा वर जातो तेव्हा त्याचा वेग संपतो. खाली येतो तेव्हा तोच वेग परत मिळतो. विमानही उंची देऊन वेग घेते आणि वेग देऊन उंची घेते. ताशी १,०८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाने, रोध विसरून, आपला सारा वेग उंचीत बदलला तर ते साडेचार हजार मीटर वर चढेल. म्हणून जाणता वैमानिक वेग आणि उंची यांची बेरीज पाहतो. त्याची शक्ती ती बेरीज. १९६० नंतर जॉन बॉइड या अमेरिकन वैमानिकाने आणि थॉमस ख्रिस्टी या गणितज्ञाने हीच कल्पना सूत्रात बांधली आणि लढाऊ विमानांची तुलना करण्याची रीत पालटली. त्यांचा प्रश्न असा, की दिलेल्या उंचीवर, दिलेल्या वेगाला, रोध भागवून विमानापाशी किती रेटा शिल्लक उरतो? शिलकेला वेगाने गुणा, वजनाने भागा. या हिशेबात नॅट बहुतेक ठिकाणी पुढे राहते.

दुसरी परीक्षा वळण्याची, आणि येथे थोरल्याचे दिवस येतात. विमान वळते ते कुशीवर कलून. ताशी ७२० किलोमीटर वेगाने जाताना स्वतःच्या वजनाच्या चौपट भार सोसून वळले तर जे वर्तुळ होते, त्याची त्रिज्या सुमारे एक हजार पन्नास मीटर असते. वेग ताशी ९०० केला आणि भार तोच ठेवला, तर त्रिज्या सोळाशे मीटरांच्या पुढे जाते. वेग सव्वापट, वर्तुळ दीडपटीहून मोठे. म्हणजे आतून वळायचे असेल तर हळू जाणे फायद्याचे; परंतु फार हळू गेले की पंखांना उचल पुरत नाही आणि विमान थरथरू लागते. ही थरथरीची सीमा कोणाची किती खाली, त्यावर पहिल्या वळणाचा निकाल ठरतो. सेबरच्या एफ-४० या घडणीत पंखांची टोके लांबवलेली होती आणि पुढच्या कडेला आपोआप सरकणाऱ्या पट्ट्या होत्या. वेग उतरला की पट्ट्या पुढे येतात, पंखांवरची हवा सुटत नाही आणि उचल टिकते. पंखांवरचा भार सारखाच असला तरी कमी वेगात सेबर अधिक जोराने वळू शकते ते यामुळे. धाकटा तावातावाने थोरल्याच्या मागे वळू लागला, तर अर्ध्या वर्तुळात थोरला त्याच्या आत शिरतो.

पण वर्तुळ अर्ध्यावर थांबत नाही. जोराने वळताना रोध वाढतो, वेग झपाट्याने उतरतो, आणि गेलेला वेग भरून काढायला शिलकी रेटा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सेबर मंदावू लागते. नॅट आपला वेग पुष्कळसा राखून असते. येथेही एक वजावट केली पाहिजे. नॅटचे पंख आखूड आहेत आणि आखूड पंखांना वळताना रोधाचा दंड जास्त पडतो. त्यामुळे रेट्यातला पावणेदोन पटीचा फायदा वळणात तेवढाच उतरत नाही. धाकट्याने शहाणपणाने वागायचे तर त्याने वळणाच्या फंदातच पडू नये. वर चढावे, वरून यावे, मारा करावा आणि पुन्हा वर जावे. थोरल्याने मात्र त्याला खाली, हळू आणि गोल फिरण्याच्या मोहात पाडावे.

तिसरी गोष्ट तोफांची. नॅटमध्ये तीस मिलिमीटरच्या दोन तोफा, प्रत्येकीला ११५ गोळे. मिनिटाला बाराशेच्या गतीने त्या सुटतात. सगळा साठा पाच-सहा सेकंदांत संपतो. सेबरच्या सहा बंदुकांच्या गोळ्या लहान, पण पंधरा सेकंदांच्या आसपास पुरतात. नवशिक्या माणसाला सेबर बरे, कारण चुकायला वेळ आहे. नेमबाजाला नॅट बरे, कारण एक-दोन गोळे लागले तरी पुरे.

एकंदरीत अधारतालच्या त्या घरात रात्री उशिरापर्यंत खेळ चालेल, कधी हा जिंकेल, कधी तो, आणि प्रत्येक वेळी जिंकणारा म्हणेल की माझे विमान श्रेष्ठ. वस्तुतः प्रत्येक वेळी एवढेच घडलेले असते, की एकाने दुसऱ्याला आपल्या सोयीच्या उंचीवर आणि वेगावर ओढून नेले. ‘कोणते विमान चांगले’ हा प्रश्न ‘कोठे आणि किती वेगात’ हे सांगितल्यावाचून अर्धवट राहतो.

आता त्या वहीच्या खरेपणाविषयी. सेबर विमाने जगात नऊ हजारांहून अधिक बनली, कितीतरी देशांनी ती वापरली. त्यांची पुस्तके, चाचण्यांचे अहवाल आणि वैमानिकांचे अनुभव विपुल आहेत. नॅट सगळी मिळून साडेचारशेच्या आसपास. साहजिकच पडद्यावरचे सेबर पुष्कळसे मोजमापांवर उभे असते, आणि पडद्यावरचे नॅट बरेचसे तर्कावर. जेथे आकडा सापडला नाही तेथे संगणकाचे गणित करणाऱ्याने आपल्या बुद्धीने तो भरलेला असतो. धाकटा हरला तर दोष त्याचा, विमानाचा, की त्या तर्काचा, हे पडदा सांगत नाही.

हवेचेही तसेच. विमानांचे आकडे एका ठरीव हवेसाठी दिलेले असतात. समुद्रसपाटी, तापमान पंधरा अंश. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांवर आहे आणि मे महिन्यात तेथे पारा बेचाळीसवर जातो. त्या हवेची घनता ठरीव हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने कमी असते. हवा विरळ म्हणजे पंखांना उचल कमी आणि इंजिनाला खायला हवा कमी, रेटाही उतरला. सप्टेंबरातील पंजाब मेमधील जबलपूरइतका तापत नाही, पण पंधरा अंशांवरही नसतो. चांगल्या सिम्युलेटरमध्ये तापमान बदलण्याची सोय असते. ती वापरण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

आणि डोळ्यांचे काय? निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग एवढे बारीक अंतर ओळखतो. घरगुती पडद्यावर आकाशाचा नव्वद अंशांचा पट्टा सुमारे दोन हजार ठिपक्यांत बसवलेला असतो. म्हणजे एक ठिपका डोळ्याच्या क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट भरड. दूरचे नॅट आणि दूरचे सेबर, दोघेही त्या पडद्यावर एकेक ठिपका. खऱ्या आकाशात नॅटचा सर्वांत मोठा गुण कोणता असेल, तर ते दिसत नसे. समोरून येणारे ते इवलेसे विमान नजरेत भरेपर्यंत हाकेच्या अंतरावर आलेले असे. जो गुण जीव वाचवतो तोच पडदा पुसून टाकतो. तसेच शरीराचे. चौपट भारात वळताना सत्तर किलोचा माणूस दोनशे ऐंशी किलोचा होतो, डोक्यातले रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते. खुर्चीत बसलेल्या मुलाला यातले काहीही होत नाही, म्हणून तो दहा वेळा न थकता वळतो. खऱ्या वैमानिकांना हा भार सोसण्याचा अभ्यास वेगळा करावा लागतो. बंगळूरच्या वैमानिक वैद्यकाच्या संस्थेत त्यासाठी माणसाला गरगर फिरवणारे प्रचंड यंत्र आहे.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले म्हणजे या हिशेबाला रक्तमांस चढते. ३ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनी एक युक्ती केली. मिस्टेअर जातीची जुनी विमाने त्यांनी पाकिस्तानी रडारला दिसतील अशी उंचावरून पुढे पाठवली. मागून, जमिनीलगत, रडारच्या नजरेखालून पठाणकोटची नॅट विमाने येत होती. मिस्टेअरच्या आमिषाने सेबर वर आली. मिस्टेअर परत फिरली, आणि नॅट विमाने खालून झपकन उंच चढली. लढाई नॅटच्या सर्वांत मोठ्या गुणावर बेतलेली होती. ट्रेव्हर कीलर यांनी त्या दिवशी एक सेबर पाडल्याची नोंद भारताने केली. पाकिस्तानचे म्हणणे असे, की युसुफ अली खान यांचे ते विमान जायबंदी होऊनही सरगोध्याला परतले. दोन्ही देशांचे हिशेब आजही जुळत नाहीत. आणि त्याच लढाईच्या दिवसांत एक भारतीय नॅट शत्रूच्या पसरूर धावपट्टीवर उतरले. ते आज कराचीच्या संग्रहालयात उभे आहे.

१९ सप्टेंबर १९६५ ची चविंडा भागातील लढाई याहून बोधक आहे. ट्रेव्हर यांचे बंधू डेंझिल कीलर चार नॅट विमाने घेऊन गेले होते. गाठ पडली ती जमिनीजवळ; जेथे चढून निसटण्यापूर्वीच शत्रू अंगावर येतो. विनय कपिला यांनी एक सेबर पाडले. कीलर आणि कपिला या दोघांना वीरचक्र मिळाले. त्याच झटापटीत सैफुल आझम या वैमानिकाने आपल्या सेबरमधून मायदेव यांचे नॅट पाडले. मायदेव हे आडनाव मराठी श्रोत्यांच्या ओळखीचे आहे. ते हवाई छत्रीने उतरले, युद्धकैदी झाले आणि युद्धानंतर परत आले. (सैफुल आझम पुढे १९६७ च्या युद्धात जॉर्डन व इराक यांच्या विमानांतून इस्रायलविरुद्ध लढले आणि अखेरीस बांगला देशाच्या हवाई दलात गेले.) तीच विमाने, तेच आकाश, तीच काही मिनिटे, एक जोडी नॅटने जिंकली, दुसरी सेबरने. यंत्रांच्या तक्त्यावरून या दोन्ही निकालांचे स्पष्टीकरण एकदम देता येत नाही.

२२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयऱ्यावर जे झाले ते पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पूर्व पाकिस्तानातील सेबर ही कॅनडात बांधलेली, अधिक बलवान इंजिनाची होती. त्यांचा रेटा सुमारे ३,३०० किलो, म्हणजे १९६५ च्या सेबरहून जवळजवळ चौथ्या हिश्श्याने अधिक. नाव एकच, विमान दुसरे. तक्त्यावर त्या दिवशी नॅटची आघाडी बरीच आकसलेली होती. तरीही मॅसी, गणपती, लाझरस आणि सोअरिस यांच्या चार नॅट विमानांनी तीन सेबर टिपल्याचे भारताने जाहीर केले; पाकिस्तान त्यांतील तिसरे तळावर परतल्याचे सांगतो. पकडल्या गेलेल्या दोन वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. सेबर जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करण्यात गुंतलेली होती. त्यांच्या पाठीशी नॅट नेमक्या वेळी पोहोचली ती जमिनीवर रडारपाशी बसलेल्या बागची या तरुण नियंत्रकाच्या सूचनांमुळे. दोन भावांच्या खेळात या माणसाला जागाच नाही.

अटी बदलल्या की निकाल बदलतो, हे हवाई दले जाणतात. म्हणून ती खऱ्या विमानांच्या लुटुपुटीच्या लढाया घडवतात, आणि तेथेही अटींवरून वाद होतात. फेब्रुवारी २००४ मध्ये जबलपूरच्याच राज्यातील ग्वाल्हेरला भारतीय आणि अमेरिकन हवाई दलांचा सराव झाला. समोर अमेरिकेची एफ-१५ विमाने. इकडे सुखोई आणि मिराज यांच्याबरोबर नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात नव्याने सजवलेली जुनी मिग-२१ बायसन. भारतीय बाजूने मोठे यश मिळवल्याच्या बातम्या गाजल्या. पण अमेरिकन विमाने संख्येने कमी होती आणि त्यांच्या लांब पल्ल्याच्या अस्त्रांना सरावात पूर्ण मोकळीक नव्हती. निकाल खोटा नव्हता. तो त्या अटींचा निकाल होता. त्या मिग-२१ विमानांना २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे अखेरचा निरोप देण्यात आला.

मग सिम्युलेटरचा उपयोग कोणता? नॅटच्याच चरित्रात याचे उत्तर आहे. हे विमान चालवायला अवघड होते. त्याच्या शेपटीच्या आडव्या पंखाचे नियंत्रण कधी कधी बिघडे. चाके खाली सोडली की विमानाचा तोल बदले, कारण चाकांची दारेच हवेत गतिरोधकाचे काम करीत. आणि इंग्लंडमध्ये नॅटची दोन आसनी शिकाऊ आवृत्ती निघाली असली, तरी भारतीय हवाई दलाकडे ती नव्हती. दुसऱ्या विमानांवर शिकलेला तरुण नॅटमध्ये पहिल्यांदा बसे तो एकटाच. शिक्षक मागे नाही. जमिनीवरून रेडिओवर आवाज, एवढाच आधार. पहिल्याच उड्डाणात शेपटी रुसली, तर काय करायचे हे त्याने पुस्तकात वाचलेले असे, हाताने केलेले नसे. लढाईत जी नॅट विमाने पडली त्यांची चर्चा होते; शांततेच्या काळात सरावात जी पडली आणि त्यांच्याबरोबर जी मुले गेली, त्यांची होत नाही. जलद विमानांकडे जाण्यापूर्वीची मधली पायरी म्हणून हॉक हे शिकाऊ जेट विमान भारतीय हवाई दलात आले ते २००८ साली.

अशा बिघाडाचा सराव सिम्युलेटरवर हवा तेवढा करता येतो. शिक्षक बटण दाबून इंजिन बंद पाडतो, शेपटी अडकवतो, धावपट्टीवर धुके आणतो. शिकणारा चुकतो, विमान पडते, पडदा काळा होतो, आणि दोन मिनिटांनी तोच तरुण त्याच खुर्चीत बसून पुन्हा आरंभ करतो. येथे शेजारच्या विमानाशी तुलना नाही. बिघाड ध्यानात येण्यास किती सेकंद लागले, हात कोणत्या दांड्याकडे आधी गेला, उंची किती गमावली, एवढेच शिक्षक वहीत टिपतो. आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा पहिल्या दिवशीच्या आकड्याखाली लिहितो.